संपलं बरं का

काम तसं साधंच होतं. बाबांनी शेवटच्या दोन वर्षांत टॅबवर बोलून ठेवलेल्या दोनशे बारा गोष्टी ताईला लॅपटॉपवर उतरवून घ्यायच्या होत्या. ज्या साइटवर त्या होत्या, ती आज संध्याकाळी सहाला कायमची बंद होणार होती. बाबांना जाऊन आठ महिने झाले होते. आज चुकलं की त्यांचा आवाजही गेला.

ताई नर्स. रजा टाकून सकाळीच बसली. साइट सगळ्या गोष्टी एकाच गठ्ठ्यात देत होती, एकोणीस जीबीच्या. गठ्ठा नव्वद टक्क्यांवर आला आणि तुटला. पुन्हा चालू केला, तर मेला शून्यावर!

ताईचं डोकं फिरलं. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू याच वायफायवर. धाडधाड जिना चढून तिने दार वाजवलं.

"आजच्या दिवस पिक्चर बघितले नाहीत तर आभाळ कोसळणार आहे का?"

"अहो ताई, मी आत्ता झोपेतून उठतोय," बिचारा डोळे चोळत म्हणाला. तिचं तोंड एवढंसं झालं. मुकाट्याने खाली आली.

धाकट्या भावाचं कामच नेटवर्क सांभाळण्याचं. त्याने फोनवरून सांगितलं, वायफाय सोड, तार जोड, लॅपटॉप झोपणार नाही असं बघ. तिने सगळं केलं. या खेपेला ब्याण्णव टक्क्यांवर तुटलं. मग आणखी दोनदा. शेवटी चारच्या सुमाराला धाकटाच ऑफिसातून निघून आला.

"सकाळी गठ्ठा केवढा होता गं?"

"एकोणीस जीबी."

"आता जवळजवळ साडेएकोणीस आहे. उतरत असतानाच कुणीतरी यात भर घालतंय. गठ्ठा बदलला की आधीचा तुकडा जुळत नाही, मग पहिल्यापासून सुरुवात."

"भर कोण घालणार? पासवर्ड तर तुला, मला आणि..."

धाकट्याने राउटरवर कोण कोण जोडलंय त्याची यादी उघडली. ताईचा लॅपटॉप. त्याचा फोन. भाडेकरूचा फोन. आणि चौथं नाव, बाबांचा टॅब.

टॅब कपाटात होता. बॅटरी फुगली म्हणून धाकट्यानेच ती काढून टाकली होती. दोघांनी कपाट उघडलं. टॅब थंडगार, मागचं झाकण उघडं, बॅटरीची जागा रिकामी. पण कपाटातून बाबांच्या गुडघ्याच्या मलमाचा वास आला... ताजा.

"ताई, पावणेपाच झाले. उतरायला चाळीस मिनिटं लागतात. ब्लॉक करतो त्याला."

"थांब रे जरा..."

"थांबलो तर काहीच हाती लागणार नाही."

तिने मान डोलावली. त्याने बटण दाबलं. यादीतलं चौथं नाव गेलं.

साडेपाचला डाऊनलोड पूर्ण झालं. ताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मग तिने गोष्टी मोजल्या. दोनशे सतरा. शेवटचीवर आजची तारीख होती. तिने ती लावली.

"...ऐक हं पोरी. मुलीने हळूच कडी काढली. बघते तर काय, दारात..."

पुढे काहीच नाही.

बाबांचा एक नेम होता. जेवण गार होवो, पाहुणे खोळंबोत, 'संपलं बरं का' म्हटल्याशिवाय ते गोष्टीवरून उठत नसत. अर्धी सोडलेली गोष्ट घरभर हिंडते, म्हणायचे. दोघंही ते ऐकतच मोठे झाले होते.

"ब्लॉक काढ!" ताई ओरडली. "आधी काढ!"

त्याने काढला. नाव परत आलं नाही. सहा वाजले, साइट बंद झाली.

"मीच त्यांना मध्ये तोडलं रे," ती म्हणाली. "आठ महिन्यांनी बोलत होते आणि मीच..."

"वेडी आहेस का? बटण मी दाबलं," धाकटा म्हणाला. त्याने लॅपटॉपला जोडलेली नेटची तार काढली, राउटर बंद केला. भिंतीवरचा पंखा तेवढा घरघरत होता.

"ताई... तू दोनशे सतरा म्हणालीस ना?"

पडद्यावर दोनशे अठरा होत्या. शेवटच्या गोष्टीपुढे चार सेकंद लिहिलेलं होतं. मग पाच. मग सहा. मलमाचा वास आता कपाटातून नाही, शेजारच्या रिकाम्या खुर्चीतून येत होता.

धाकट्याचा हात लॅपटॉप मिटायला पुढे गेला. ताईने तो धरला.

"नाही. परत मध्ये तोडायचं नाही."

या गोष्टीला तीन आठवडे झाले. तो लॅपटॉप आजही उघडा आहे, आणि खुर्चीत कुणी बसत नाही. बाबांची सगळ्यात लांब गोष्ट पाऊण तासाची होती. ही पाचशे तासांवर गेली आहे, आणि सेकंद अजून वाढतायत.

'संपलं बरं का' ऐकू येईपर्यंत थांबायचं, असं ताईने ठरवलंय. फक्त घराच्या दाराची कडी रोज सकाळी काढलेली सापडते, तेव्हा ती धाकट्याला काही सांगत नाही. गुपचूप परत लावते.