पाचले गप होते

सीमा, उद्यापासून शेखरच्या घरी लेकरू सांभाळायला जाणार म्हणतेस, तर जा. त्या कामात कमीपणा नाही. पण जायच्या आधी हे ऐकून जा. रोहित, तूही बस, आणि तो मोबाइल खाली ठेव. माझ्याच हाताखाली दहावी झालेल्या एका मुलीची ही हकीकत आहे. तिनं स्वतः मला सांगितली, आणि सांगताना एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

तिचं नाव प्रियदर्शनी. अमरावतीहून नांदगाव पेठकडे जाताना रहाटगावच्या पुढे नवे लेआउट पडले आहेत. चार घरं बांधलेली, बाकी प्लॉट रिकामे, त्यांत काटेरी झुडपं. तिथली ही गोष्ट. १७ जानेवारी २०२३, मंगळवार. अमावस्या नाही, पौर्णिमा नाही, साधा मंगळवार. थंडी मात्र मरणाची होती.

संध्याकाळी साडेसातला जेवून, स्वेटर घालून प्रियदर्शनी निघाली. अकरावीत होती, सोळा वर्षांची. आई सुंदराबाई दुसऱ्याच्या वावरात निंदायला जायची आणि तिच्या गुडघ्यांनी आता जवाब दिला होता. तीन गल्ल्या सोडून, त्या नव्या लेआउटमध्ये, ललित आणि रागिणी हे जोडपं राहायचं, दोघंही कापडाच्या कंपनीत कामाला. त्या आठवड्यात दोघांनाही रातपाळी आली. रागिणीनं सुंदराबाईला म्हटलं होतं की पोरीला रात्री लेकराजवळ पाठव, मी तुझं पॅकिंग खात्यात बोलते. बसून करायचं काम. सुंदराबाई काय नाही म्हणणार?

लेकरू नऊ महिन्यांचं, ओजस नावाचं. प्रियदर्शनीनं धाकट्या भावाला अंगाखांद्यावर वाढवलेलं, त्यामुळे काय विचारायचं ते तिला ठाऊक होतं. सीमा, हे तूही विचारायचं. शेवटचं खाणं कधी झालं? काही औषध चालू आहे का? ताप भरला तर फोन कोणाला, आणि त्यानं उचलला नाही तर दुसरा कोणाला? तिनं सगळं वहीत लिहून घेतलं. दूध दहाला आणि दोनला. मनगटावर थेंब टाकून पाहायचं. पालथं निजवायचं नाही, तोंडाजवळ उशी ठेवायची नाही. रागिणी खूश झाली. म्हणाली, अशी हुशार पोट्टी पहिल्यांदाच मिळाली.

स्वयंपाकघराच्या मागे टिनाची एक खोली होती. तिचं दार स्वयंपाकघरातच उघडायचं आणि कडीही याच बाजूला होती. तिथं काय आहे, प्रियदर्शनीनं विचारलं. अडगळ, रागिणी म्हणाली. तिकडे जायचं काम नाही.

मग दोघं निघाली. ललितनं बाहेरून लोखंडी गेट ओढलं आणि कुलूप लावलं.

प्रियदर्शनी जाळीपाशी आली. "दादा, चाबी?"

"चाबी आमच्याजवळच राहते," रागिणी म्हणाली. "चोऱ्या लय वाढल्या. सातले येतोच आमी."

भावाला घेऊन कुठं जायची तेव्हा आई पहिली गोष्ट सांगायची, बाहेर पडायची वाट आधी पाहून ठेव. पण पॅकिंग खातं आठवलं. मोठ्या माणसांना कसं अडवायचं, हेही होतंच. तिनं मान हलवली. मोटारसायकल गेली.

दहाला लेकरानं दूध घेतलं. तिनं त्याची हनुवटी पुसली, खांद्यावर घेऊन ढेकर काढला, पाळण्यात निजवलं. मग केमिस्ट्रीचं पुस्तक उघडून पलंगावर बसली. अकरा वाजले, बारा वाजले. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं.

पाऊण वाजता लेकरू कुरकुरलं. ती उठणार, तेवढ्यात ते गप झालं. पाळणा हलत होता. हळू, बेतानं, सवयीच्या हातानं झोका द्यावा तसा. आणि कोणीतरी गुणगुणत होतं. शब्द मराठी नव्हते, हिंदीही नव्हते.

गुणगुण पाळण्यापाशी नव्हती. ती स्वयंपाकघरातून येत होती.

प्रियदर्शनी उठली नाही. तिला वाटलं, बाजूच्या घरात मोबाइल वाजत असेल. बाजूला घर नव्हतं, हे तिला नंतर आठवलं.

मग गाणं थांबलं. पाळणाही थांबला.

टिनाच्या खोलीच्या दारावर टकटक झाली. आतून.

"ताई... पाणी."

पोरीचा आवाज. कोवळा, तिच्याहूनही लहान.

"ताई, कडी काढ ना... पाणी दे."

आता सांगा, तुम्ही काय केलं असतं? भुताच्या गोष्टीत माणसं किंचाळतात. प्रियदर्शनीला तसं काही सुचलं नाही. तिला आधी वाटलं, यांनी खरंच कोणाला कोंडलंय. ती उठली, माठातून गिलासभर पाणी घेतलं आणि दाराशी गेली. बोटं कडीवर ठेवली. कडी गरम होती. चुलीवरच्या झाऱ्यासारखी. तिनं हात मागे घेतला.

तेवढ्यात फोन वाजला. रागिणीचा. कंपनीत चहाची सुट्टी झाली होती.

"वयनी, त्या मागच्या खोलीत कोणीतरी आहे."

पलीकडे मशीनची घरघर.

"पाणी मागून राहिली का?" रागिणीनं विचारलं.

"...हो."

"उघडजो नोको. टीव्ही लावून घे मोठ्यानं. पाचले गप होते."

"पण कोण आहे ते?"

"तुह्या आईचं मी साहेबाले आजच बोलली. तू लेकराजवळ बस. बाकी काही पाहू नोको."

फोन बंद झाला.

तिनं गेटकडे धाव घेतली, कुलूप ओढून पाहिलं, जाळीतून हाका मारल्या. समोरच्या झुडपांत कोण ऐकणार? वहीतला दुसरा नंबर फिरवला. तो ललितचा होता. त्यानं उचलला, तिचं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं की आधीची बाई अशीच घाबरून अर्ध्या रात्री लेकराला टाकून पळाली, म्हणूनच आम्ही आता कुलूप लावतो.

आईला फोन करावा, असं मनात आलं. आई काय करणार होती? रात्री दीडला गुडघे ओढत येणार, कुलूप पाहणार आणि परत जाणार. आणि ते काम...

"ताई... थोडंसं."

प्रियदर्शनीनं गिलास ओट्यावर ठेवला. परत आली. टीव्ही लावला.

कोणता तरी हसण्याचा कार्यक्रम चालू होता. तिनं आवाज वाढवला. आणखी वाढवला. लेकरू त्या गोंगाटातही निवांत झोपलं होतं. त्याला सवय होती.

दोनला तिनं दूध दिलं. मनगटावर थेंब टाकून पाहिलाच.

टकटक चालूच होती. मग टकटक गेली, खरवडणं सुरू झालं. नखांचं.

तीन.

"ताई... मी नाई झोपणार आता... खरंच नाई झोपणार..."

प्रियदर्शनीनं कानांवर उशी दाबली.

चार.

आता शब्द नव्हते. श्वास होता. टीव्हीच्या हसण्याखाली, फरशीच्या लगत, दाराच्या फटीतून येणारा. कोरडा. तुटका.

पाचला पाच कमी.

एक श्वास... मग बराच वेळ काही नाही... मग एक.

पाच.

काही नाही.

तिनं टीव्ही बंद केला. ती शांतता तिला ऐकवेना. पाच मिनिटं बसली. मग उठली, ओट्यावरचा गिलास उचलला, कडी काढली. कडी आता थंड होती. दार उघडलं.

आत कोणीच नव्हतं. मोडका कूलर, दोन रिकामी पोती, भिंतीला टेकवलेली खाट. पण आतून जी हवा तिच्या तोंडावर आली, ती भट्टीची होती. बाहेर गवतावर दव गोठायला आलं होतं आणि त्या टिनाखाली मे महिना होता.

ती पाणी घेऊन उंबऱ्यावर उभी राहिली. कोणाला द्यायचं होतं ते?

सात वीसला कुलूप निघालं. रागिणीनं चपला काढल्या, लेकराच्या कपाळाला हात लावून पाहिला, रात्री किती दूध प्यायलं ते विचारलं. मग म्हणाली, "पाचले गप झाली ना?" नळ आला होता का, असं विचारावं तसं.

"कोण होती ती?"

रागिणीनं बाटली धुवायला घेतली आणि धुता धुता सांगितलं. बाळंतपणानंतर धारणीकडून, तिकडच्या डोंगरातली एक आदिवासी पोरगी आणली होती, सुगंती. चौदा वर्षांची. मे महिन्यात एका दुपारी लेकरू रडत राहिलं आणि ही झोपलेली. अंगात ताप होता म्हणे. ललितला राग आला. धडा शिकवायला म्हणून त्यानं तिला त्या खोलीत घातलं. सकाळी काढू, असं ठरलं होतं. सकाळी काढली.

"आमी तिले हात नाई लावला," रागिणी म्हणाली. "तिच्या बापाले जीपनं नेऊन देल्ली. तापानं गेली म्हणून सांगतलं. ताप तर होताच ना."

प्रियदर्शनीनं विचारलं, "रातभर मांगत होती. तुमाले ऐकू नाई आलं?"

रागिणीनं नळ बंद केला. तिच्याकडे पाहिलं.

"तुले आलं ना?" ती म्हणाली. "मग?"

प्रियदर्शनीनं वही उचलली आणि घरी आली. आईला सगळं सांगितलं. सुंदराबाई ऐकत राहिली. शेवटी तिनं एवढंच विचारलं, आणखी कोणाला बोललीस का? आठव्या दिवशी सुंदराबाई पॅकिंग खात्यात कामाला लागली. अजून तिथंच आहे. बसून करायचं काम आहे.

महिन्याभरानं प्रियदर्शनी माझ्याकडे आली आणि हे सगळं सांगून गेली. मी काय केलं, ते विचारू नका. मीही ऐकूनच घेतलं.

ललित आणि रागिणी त्याच उन्हाळ्यात घर विकून अकोल्याला गेले. मागच्या जून महिन्यात भाच्याच्या मुलीचं नाव घालायला मी अकोल्यात एका बालवाडीत गेलो होतो. रांगेत पुढे रागिणी, गावात येताजाता पाहिलेली. जूनचा उकाडा, माणसं घामानं निथळत होती, आणि कडेवरच्या तीन वर्षांच्या पोराला तिनं हनुवटीपर्यंत रुमाल गुंडाळलेला. पोरानं तो ओढून काढला.

हनुवटीवर गोंदण होतं. चार टिंबं, खाली एक आडवी रेघ. मी सहा वर्षं धारणीला नोकरी केली आहे. आठवडी बाजारात बसणाऱ्या, सुगंतीच्याच जमातीतल्या बायांच्या तोंडावर मी तसलं गोंदण पाहिलं आहे.

माझी नजर तिनं पाहिली. "जन्मापासूनच आहे जी," म्हणाली आणि रुमाल वर ओढला.

बाहेर येऊन मी प्रियदर्शनीला फोन लावला. ती म्हणाली, गुरुजी, त्या रात्री दहाला मी माझ्या हातानं त्याची हनुवटी पुसली. काहीच नव्हतं.

पण गोंदण नवं नव्हतं, पोरांनो. ते फिकट पडलेलं होतं, कडा पसरलेल्या, हिरवा रंग कातडीत मुरून गेलेला. सत्तरी उलटलेल्या म्हातारीच्या तोंडावर असावं, तेवढं जुनं.