हरकत नसल्यास मंजूर

हर्णै बंदरावर सुरमईचा लिलाव हसन मुकादम पुकारत होते, पण त्यांचे ओठ नुसतेच हलत होते. आवाज गळ्यावरच्या पट्टीतून येत होता. कर्करोगात स्वरयंत्र गेलं तरी गळ्याचे स्नायू बोलणं विसरत नाहीत. त्यांची हालचाल टिपून ही गळपट्टी माणसाच्या मूळ आवाजात बोलते.

टोपल्यांमधून वाट काढत मृदुला खानविलकर त्यांच्याकडे निघाली होती. तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

पट्टीची संगणकीय आज्ञावली तिने आणि तिचा सहकारी ओजस याने लिहून सगळ्यांना खुली करून टाकली होती. कुणीही वाचावी, सुधारावी. मालक कुणीच नाही. देणग्या येऊ लागल्या, तेव्हा बँकेने पहिलाच प्रश्न विचारला, मालक कोण? बँकांना बिनमालकाचं काही समजतच नाही. म्हणून देणग्या आपल्या नावावर घेऊन या कामासाठी देईल अशी यजमान संस्था हवी होती. दापोलीचं एक वाचनालय तयार होतं. ओजसला मात्र एक बडी संस्था हवी होती. तिच्या करारात कलम होतं, की पट्टी वापरणाऱ्या अकराशे जणांचे आवाज-ठसे संस्थेच्या ताब्यात राहतील. ठसा ज्याच्या हाती, तो त्या माणसाच्या आवाजात वाटेल ते बोलणार.

सोमवारी पट्टी वापरणाऱ्यांच्या ऑनलाइन दूरसभेत ओजसने त्या बड्या संस्थेशी करार करण्याचा ठराव मांडला. मृदुला तेव्हा एका रुग्णाला पट्टी बसवत होती. कुणी हरकत घेतली नाही, तर रीतीप्रमाणे ठराव मंजूर. त्याने लगेच करारावर सहीही ठोकली.

"चाचा, तुम्ही होतात ना सभेत? गप्प कसे बसलात?"

"पट्टी चार्जिंगला हुती, बाय. मी टेबल बडवत हुतो. हात दुखेस्तोवर बडवलं. ओजस म्हणाला, ती खटखट बंद करा कुणीतरी."

मृदुलाने तिथूनच ओजसला फोन लावला. "आवाज गेलेल्या माणसांच्या सभेत गप्प राहणं म्हणजे होकार? लाज नाही वाटली तुला?"

"नियम तूच लिहिलायस, मृदुला."

खरं होतं ते. सात वर्षांपूर्वी तिनेच लिहिला होता, आणि वर चारचौघांत मिरवलाही होता. तिला ओजसचा संताप आलाच, पण स्वतःचा जास्त आला.

तेवढ्यात एका व्यापाऱ्याने आपला फोन पुढे केला. "मुकादम, हे कधी बोललात?"

फोनमधून हसनचाचांचा खणखणीत आवाज येत होता. ते त्याच बड्या संस्थेसाठी देणगी मागत होते.

चाचांनी गळ्यावरची पट्टी ओरबाडून काढली. मग ते मूठ आवळून मासळीच्या क्रेटवर धाडधाड मारत राहिले. अख्खा लिलाव थांबला.

ही हरकत आता कोण नोंदवून घेणार?