तारांखाली उभा टँकर

विश्वास ठेवा, नका ठेवू. ही गोष्ट मी रचलेली नाही. माझ्या सख्ख्या मामावर गुदरलेली आहे.

साल शहाऐंशी. मे महिना. आणि वेळ भर दुपारची. अमावस्या, स्मशान, पिंपळ यातलं काही नाही. असतं तर निदान मामा सावध तरी राहिला असता.

व्यंकटीमामा मूळचा लोह्याचा. लातूर जिल्हा तेव्हा नवाच होता. नव्या कचेऱ्या, नव्या खुर्च्या. मामाला सरकारी टँकरवर ड्रायव्हरकी मिळाली. पाऊस मात्र या नव्या जिल्ह्याला ओळख दाखवायला तयार नव्हता.

शिरूर अनंतपाळच्या पुढे, माळ ओलांडला की एक लहानशी वस्ती होती. मामाची लेक पंचशीला तिथं दिलेली. नववा महिना लागलेला.

वस्तीच्या कोरड्या विहिरीत टँकर ओतायचा, बायांनी ते पाणी शेंदून घ्यायचं. पुढे पोचेल तिला नितळ पाणी, मागून येईल तिला गाळ. म्हणून लांबून हॉर्न ऐकला की बाया घागरी घेऊन जीव तोडून पळायच्या. पंचशीलासुद्धा. मामाच्या जिवाला घोर होता तो एवढाच. ही पोरगी एक दिवस पडेल.

माळावरून हाय टेन्शनची लाईन गेली होती. चढ चढून आलं की टँकरचं रेडिएटर उकळायचं. मग मामा तिथंच, तारांखाली, इंजिन बंद करायचा. भाकरी खायची, एक डुलकी काढायची.

आणि उठून सेल्फ मारला की...

खट्ट.

बॅटरी उतरलेली.

एकदा झालं, दोनदा झालं, मग रोजचंच झालं. येणाऱ्या ट्रकला हात करायचा, टोचन लावून ओढून घ्यायचं आणि उशिरा वस्तीवर पोचायचं.

मामाने स्वतःच निदान करून टाकलं. वरच्या तारा बॅटरीतला करंट ओढतात!

शिरूरचा सिद्धराम मिस्त्री हे ऐकून पोट धरून हसला. "तारा का बॅटरी पिऊन राहिल्यात, व्यंकटी? तुझंच कायतरी चालू राहतंय. लाईट न्हाईतर हॉर्न."

"झोपेत हॉर्न वाजवतो का मी?"

"तुझं तूच बघ बाबा."

मामा चिडून निघाला. माळावर नेहमीची डुलकी झाली, टोचन झालं, आणि उशिरा वस्तीवर पोचला तर साखराबाई नावाची म्हातारी वाटेतच उभी.

"व्यंकटराव, लेकीची तरी दया येऊ द्या. दुपारपासून हॉर्न वाजवून राहिलात. बाया उन्हात माळापर्यंत पळत गेल्या. पंचशीला पन गेली."

मामाला काही कळेना. "मावशी, मी हॉर्नला हातच लावला न्हाई. झोपलो होतो."

म्हातारीने त्याच्याकडे नीट पाहिलं.

"कुठून येतो आवाज?" मामाने विचारलं.

"तारांखालच्या विहिरीकडून."

ती विहीर मामाने रोज पाहिलेली. टँकर उभा राहायचा तिथून हाकेच्या अंतरावर. कठडा नाही, पाणी नाही. गेल्या साली टँकर तिथंच ओतायचे.

"आमची सून शिवकांता वाकून शेंदत होती," साखराबाई म्हणाली. "मागून रेटा आला अन् गेली आत. लई ओरडली असंल. पन त्या वक्ताचा ड्रायव्हर हॉर्न वाजवूनच राहिला होता... कुणाला ऐकूच आलं न्हाई."

मामाने ना अंगारा लावला, ना नवस बोलला. आमच्या घरात छप्पन सालच्या धम्मदीक्षेपासून भूत-देवऋषी बंद. पण त्या रात्री त्याला झोप लागली नाही, हे तो स्वतः सांगायचा.

दुसऱ्या दिवशी तो ठरवूनच तारांखाली थांबला. आज सोक्षमोक्ष लावायचा. हॉर्नची वायर उपटली, हातात धरली आणि डोळे ताणून बसला. भाकरीचं फडकंसुद्धा सोडलं नाही.

माळावर चिटपाखरू नव्हतं. तारांची बारीक घरघर तेवढी येत होती.

मग... तीही थांबली.

काहीच नाही. वारा नाही. कानात दडे बसल्यागत सगळं बंद.

आणि समोरून बाया येताना दिसल्या.

घागरी घेऊन, पदर खोचून, पळत. सगळ्यांच्या पुढे पंचशीला. रोज मागे राहते म्हणून ती आज आधीच निघून माळाच्या वाटेवर येऊन बसली होती. एका हाताने पोट सावरत ती थेट त्या विहिरीकडे निघाली होती. टँकरकडे तिचं लक्षही नव्हतं.

मामाने उडी टाकली. "पंचे! थांब!"

ती थांबली नाही.

"पंचे, विहीर हाय पुढं!"

मामाचा आवाज मोठा. लोह्याच्या बाजारात या टोकाचा माणूस त्या टोकाला हाक ऐकायचा. इथं तर मधे उघडा माळ होता. पण एकही मान वळली नाही.

मामा ऊर फुटेस्तोवर पळाला. पंचशीलाचा पाय काठाच्या मातीवर पडला, माती खाली ढासळली, आणि त्याच क्षणी त्याने तिचा दंड धरून तिला मागे ओढलं. घागर हातातून सुटून आत गेली.

पंचशीलाने दोन्ही कान दाबून धरले. चेहरा वाकडा झालेला.

"बाबा, आधी तो हॉर्न बंद करा! काय म्हनून राहिलात तुम्ही? कायच ऐकू येईना!"

माळावर स्मशानशांतता होती.

मामाने मूठ उघडून दाखवली. हॉर्नची वायर त्याच्या हातात होती.

मागच्या बायाही येऊन पोचल्या. सगळ्यांचे हात कानांवर. मग सगळ्यांनी एकदमच हात खाली घेतले... आणि मामाला तारांची घरघर पुन्हा ऐकू आली.

बॅटरी उतरलेलीच होती. टोचन लावून टँकर वस्तीवर नेला, पाणी ओतलं. मामा त्या संध्याकाळी लेकीकडेच राहिला. दिवा लागल्यावर त्याने तिला सगळं सांगितलं. शिवकांताचं, उपटलेल्या वायरचं, आपल्याला काहीच ऐकू येत नव्हतं त्याचं.

पंचशीलाने मान खाली घालून ऐकून घेतलं.

मग हळूच म्हणाली...

"बाबा, मंग आत्ता कोन वाजवून राहिलंय?"

मामा उठून बाहेर आला. शेजारपाजारच्या बाया निवांत बोलत बसल्या होत्या. कुणालाच काही ऐकू येत नव्हतं.

त्याने आत येऊन कडी लावली आणि दाराला पाठ टेकून रात्रभर बसून राहिला. पंचशीला दोनदा उठली. दोन्ही वेळा तिचा हात घागरीकडे गेला. दोन्ही वेळा त्याने तिला परत निजवलं. पाच दिवसांनी ती बाळंत झाली. मुलगी झाली, सुखरूप.

मामा आता नाही. पंचशीलाताई आहे, साठीच्या पुढची. मागच्या उन्हाळ्यात तिच्या घरी गेलो तेव्हा धीर करून विचारलं, "ताई, तो हॉर्न मग कधी थांबला?"

तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.