एक्केचाळिसावा स्वॅब

मे महिन्यात तोरगायच्या माळावर सैगा हरणं आठवड्याभरात झाडून सगळी वितात. माणसाच्या वासाने आईने पाडस टाकू नये म्हणून ढोरांची डॉक्टर बागिला हातमोज्यांना रानदवणा चोळायची. सैगा चरतात तोच दवणा. आई दिवसातून दोनदा येऊन पाजून जाते. एरवी पाडस हनुवटी भुईला टेकून, मान ताणून चिप्प पडून राहतं. त्यात नवल नाही.

यंदा तिने चाळीस पाडसांच्या तोंडातले स्वॅब घेतले. चाळिसांचीही तोंडं गावाकडे होती. वाऱ्यामुळे, असं तिने वहीत लिहिलं. वारा पडलेला होता, ते लिहायचं टाळलं.

गावी परतली तर भावजयीला, झानिलला, अकरा वर्षांनी मुलगा झालेला. शिकल्यासवरल्या माणसाने बाळाच्या तोंडात थुंकलं की बाळ त्याच्या वळणावर जातं, अशी त्यांच्याकडची रीत.

"वन्सं, तुमचं डोकं येऊ दे याला," झानिल म्हणाली. "बापाचं नको बाई."

बागिला हसली आणि तीनदा थुंकली. डॉक्टर असून थुंकली, हे पुढे तिला डाचत राहिलं.

अकराव्या दिवशी प्रयोगशाळेतून फोन आला. चाळिसांतही एकच विषाणू होता, आजवर कुणी न पाहिलेला.

"आणि डॉक्टर, एक्केचाळिसावं पाडस कुठलं? त्याच्यातही आहे."

एक्केचाळिसावा स्वॅब बागिलाच्या स्वतःच्या घशातला होता. नियम म्हणून, माळावर पाऊल टाकण्याआधी घेतलेला.

ती तशीच भावाकडे गेली. झानिल चहा करत होती, दार सताड उघडं होतं.

"बाळ कसंय?"

"गुणी आहे हो. रडत म्हणून नाही."

"पितं ना?"

झानिलचा हात थांबला. "माझं नाही पीत. चार दिवस झाले. पण पोट टम्म असतं."

बागिलाने पडदा सारला.

पाळणा रिकामा होता. बाळ खाली जाजमावर पालथं होतं. हनुवटी भुईला, मान ताणलेली, तोंड दाराकडे.

तिची सावली पडली तसं ते आणखी चिप्प झालं.

तिने त्याचे ओठ पुसले. बोटाला दूध लागलं. दवण्याचा वास आला. आपल्याच हातांचा असेल म्हणून तिने दुसरा हात हुंगला. त्याला साबणाचा वास होता.

बाहेर ऊन उतरत आलं होतं. ती दार लावायला उठली.

"नका लावू, वन्सं," झानिल हळूच म्हणाली. "लावलं की उपाशी राहतो."