पोंचोवरचे पांढरे पंजे

आमच्या फोर्तुनातोला दुपारच्या झोपेसाठी जागा कुठली आवडावी, तर क्लोरीनची खोली. घरात लोकरीची जाड घोंगडी आहे, अंगणात निलगिरीची सावली आहे, पण नाही. बटाटे नि चीज पोटात गेलं, की हा टेकडी चढून पाण्याच्या टाकीपाशी जाणार आणि तिथल्या एवढ्याशा खोलीत खराटे बाजूला सारून आडवा होणार.

"तिथे बायको ओरडत येत नाही," असं चारचौघांत सांगतो, मेला.

आणि खोली कोणाच्या ताब्यात? माझ्याच! गावाच्या पाणी समितीनं क्लोरीनचं काम माझ्याकडे दिलंय. टाकीच्या झाकणाची किल्ली माझ्या गळ्यात असते, आंघोळीलासुद्धा काढत नाही. पूर्वी आमच्याकडे पावसाळा आला की लेकरांना हगवण लागायची. माझ्या बहिणीची दोन गेली. पाण्यात क्लोरीन पडायला लागल्यापासून गावात तसलं लहान शवपेटीचं काम सुताराला आलेलं नाही. म्हणून त्या वासाला कोणी नाक मुरडलं की माझं डोकं फिरतं.

पण ती पावडर म्हणजे अगदी माझ्या सासूबाई. कलानं घेतलं तर घर निरोगी, जरा चुकलं की जाळून काढेल. पावडर पाण्यात टाकायची, पाणी पावडरीवर कधी ओतायचं नाही. पावडर काढायचा डाव कोरडा ठणठणीत हवा. आंबट, गोड, तेलकट, दारू, काही म्हणता काही पावडरीच्या पिंपाजवळ न्यायचं नाही. नेलं तर काडी न ओढता आग लागते, आणि जो पिवळा वायू सुटतो तो छाती पोळतो. तो हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत उताराकडे वाहतो. पळायचं ते चढाकडे, वाऱ्याच्या तोंडाला. हे मी प्रत्येक बैठकीत सांगते, आणि प्रत्येक बैठकीत फोर्तुनातो मागे बसून माझी नक्कल करतो.

कडाक्याच्या थंडीत एकदा त्याचा निळा सदरा वाळत घातला होता. पाठीवर पांढरा डाग दिसला. जवळ जाऊन बघते तर डाग कसला, अख्खा पंजा. पाच बोटं, तळवा, सगळं स्वच्छ उठलेलं. क्लोरीननं रंग उडतो तसा उडालेला.

"ओल्या हातानं पावडरीला शिवलास ना? आणि वर सदऱ्याला पुसलास!"

"स्वतःच्या पाठीला कसा पुसू, बाई? मी काय घुबड आहे मान फिरवायला?"

ते खरं होतं. मी त्याचा हात ओढून डागावर ठेवला. डाग लहान होता, अरुंद, बोटं मात्र लांब. माझा ठेवला. माझाही बसेना.

आता बायकोच्या मनात काय येणार? लेआंद्रा आली. लेआंद्रा म्हणजे आमच्या गल्लीतली विधवा, फोर्तुनातोच्या फुटकळ विनोदालाही पोट धरून हसणारी. चिचा, म्हणजे आमची मक्याची दारू, आंबवायला आम्ही बायका मका भरडायला बसलो, तेव्हा मी गप्पांच्या ओघात तिचा हात हातात घेतला आणि नीट बघितला. गुबगुबीत, आखूड, पावासारखा फुगलेला.

"काय गं निकानोरा, भविष्य बघतेस? दुसरा नवरा दिसतोय का?"

"दिसतोय, पण माझा नाही," म्हटलं. ती पोट धरून हसली. मलाही हसू आलं, आणि बरंही वाटलं. पण मग पंजा कोणाचा, ते कोडं तसंच राहिलं. पुढे उशीच्या खोळीवर एक उठला, त्याच्या टोपीच्या मागच्या बाजूला एक. मी धुऊन टाकले. म्हणजे, धुतले, गेले नाहीत.

ऑगस्टमध्ये आमचा पाण्याचा सण. सगळं गाव टेकडीवर जातं, टाकी रिकामी करून घासतं, पाट साफ करतं आणि मग चिचा पितं. पहिला घोट पाण्याच्या आईला, आमच्या झऱ्यात राहणाऱ्या देवीला. हा घोट ओतायचा मान मेल्किआदेस आजोबांचा. गावातले सगळ्यात म्हातारे, कान गेलेले, डोळे अर्धे गेलेले, पण मान सोडतील तर शपथ. झऱ्यावर सिमेंटचं झाकण बसल्यापासून त्यांची एकच कुरकुर.

"तिला कोंडून घातलंत. आता पाजू कुठं? तुमच्या सिमेंटाला?"

"आजोबा, सिमेंटावर ओता, पोचतं तिला," मी कानात ओरडायची.

"तू बघितलंस पोचताना?"

दरवर्षी ते सिमेंटावर चिचा ओतत आणि तोंड पाडून बसत.

त्या वर्षी सणाच्या दिवशी सकाळीच टाकी घासून झाली. पाणी परत सोडलं, मी झाकणाला कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं. ऊन छान होतं. बाया भाजलेल्या मक्याची टोपली फिरवत होत्या, खाली कोणी बासरी वाजवत होतं. मी दगडाला टेकून पाय पसरले. खरं सांगते, त्या घटकेला मला जगाकडून काही नको होतं.

मेल्किआदेस आजोबा आले. हातात रिकामं मडकं आणि चेहरा उजळलेला.

"सापडली," म्हणाले.

"कोण सापडली?"

"पाण्याची आई. अगं, आता सगळ्या पाण्याला वास कसला येतो? त्या पावडरीचा. म्हणजे ती राहते कुठं? त्या पिंपात! आज पोटभर पाजली तिला. कशी फसफसून प्यायली म्हणून सांगू! दाराला कडी घालून आलो. जेवत्या बाईकडे कोणी बघू नये."

माझ्या हातातला मका खाली पडला. चिचा म्हणजे आंबट, वर गूळ घातलेली, वर दारू. मी पिंपाजवळ नको म्हणून सांगते ते सगळं एकाच मडक्यात.

आणि मग मी माणसांकडे बघितलं. फोर्तुनातो त्यांत नव्हता. जेवण झालेलं होतं.

मी धावले. दाराच्या फटीतून पिवळं-हिरवं धुकं बाहेर सरपटत होतं आणि गवतावरून उताराकडे जात होतं. डोळ्यांत मिरची गेल्यासारखं झालं. आत काहीतरी तडतडत होतं. "चढाकडे! सगळे चढाकडे!" मी किंचाळले आणि स्वतः मात्र दाराकडे निघाले. मास्क कुठे होता? आत. पिंपाच्या वर, खिळ्याला टांगलेला. मीच टांगला होता, हाताशी असावा म्हणून.

मागून कोणीतरी माझ्या कमरेला मिठी मारली. लेआंद्रा.

"सोड मला! तो आत आहे!"

"नाही सोडणार! तूच शिकवलंस ना, आत जायचं नाही म्हणून? तूच शिकवलंस!" ती रडत होती आणि मला ओढत होती. मी तिला चावले. तरी तिनं सोडलं नाही.

खोलीच्या पत्र्यातून धूर निघाला. बासरी थांबली होती. तीस वर्षांचा संसार माझा, मूल नाही, बाळ नाही, एक तो माणूस. मी त्याला नावानं हाक मारली. आतून उत्तर आलं नाही.

मग वरून खोकला ऐकू आला.

टाकीच्या वर, चढावर, मोठ्या दगडावर फोर्तुनातो बसला होता. डोक्यापासून पायापर्यंत ओलाचिंब. दात वाजत होते.

मी त्याच्याकडे कशी पोचले आठवत नाही. त्याला मारलं की मिठी मारली, तेही नाही. अंगावरच्या लोकरीच्या पोंचोतून पाणी निथळत होतं आणि त्याला आमच्या टाकीच्या पाण्याचा वास होता. मी मागे वळून बघितलं. खोलीची कडी लागलेली होती, बाहेरून. टाकीचं कुलूप लागलेलं होतं. किल्ली माझ्या गळ्यात होती.

"किती गं ओढलंस," तो खोकत म्हणाला. "बरगड्या मोडल्यास."

मी माझ्या शालीनं त्याचं तोंड पुसलं.

"तूच होतीस ना? डोळे उघडत नव्हते माझे. पण तुझे हात किती गार होते, निकानोरा."

त्याच्या लाल पोंचोवर, छातीपाशी, दोन पांढरे पंजे होते. मागून कवटाळून धरल्यासारखे, बोटांत बोटं अडकवलेले. अरुंद तळवे, लांब बोटं.

"मीच होते," मी म्हटलं. "दुसरं कोण येणार तुला ओढायला?"

खालच्या गावातल्या दवाखान्यात नर्सनं त्याची छाती तपासली. थोडा दाह होता, तो महिन्याभरात गेला. जळालेली खोली आम्ही पाडली. नवी बांधली ती हवेशीर, दाराला कुलूप असलेली, आणि मास्क आता बाहेर पेटीत असतो. मेल्किआदेस आजोबा आठवडाभर रडले. शेवटी मीच त्यांना हाताला धरून वरच्या दगडापाशी नेलं आणि म्हटलं, आजोबा, इथे पाजा तिला, इथे ती बसते. ते खूश झाले. लेआंद्राच्या हातावर माझ्या दातांचा वण आहे, तो ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते. गाव म्हणतं, पाण्याच्या आईचा जीव जडलाय फोर्तुनातोवर. मीही हसते. म्हणते, घोरणं ऐकेल तेव्हा परत आणून देईल.

तो लाल पोंचो मी पुरून टाकला. नवा विणला, आमच्याच मेंढ्यांच्या काळ्या लोकरीचा, आणि तसलंच काळं जाड घोंगडं दोघांना पांघरायला. दोन्ही कधी टेकडीवर गेलेली नाहीत. फोर्तुनातोही जात नाही, दुपारी घरातच झोपतो. तब्येत छान आहे. पाणी मात्र फार पितो. पिताना डोळे मिटतो.

आज सकाळी मी ते घोंगडं कुंपणावर वाळत घातलं. ऊन कडक होतं, जेवणाच्या आधीच खडखडीत वाळलं. घडी घालायला घेतलं तेव्हा दिसलं. तो झोपतो त्या बाजूला दोन पांढरे पंजे होते, बोटांत बोटं अडकवलेले. त्यांची मला भीती वाटली नाही. त्या हातांचे माझ्यावर उपकार आहेत.

पण माझ्या बाजूलाही एक होता. सपाट, बोटं ताणलेली, बिछान्याच्या काठाकडे रोखलेली. कोणाला तरी हळूच बाजूला सारताना हात ठेवतात, तसा.

मी त्याच्यावर माझा हात ठेवला. सगळं घोंगडं वाळलं होतं. तेवढा पंजा ओला होता, आणि गार.