हरवलेले तीन व्होल्ट

बॅटरी पूर्ण भरलेली होती, टाकीत इंधन होतं, तरीही ‘खंड्या’ होडीचं इंजिन सुरू होत नव्हतं. आबांनी किल्ली फिरवली की ते गर्र… गर्र… करत दोन-तीनदा आळसावल्यासारखं फिरायचं आणि थांबायचं.

आबा म्हणजे शाल्मलीचे आजोबा, समुद्रशास्त्रज्ञ. मालवणजवळच्या त्यांच्या खाडीपासून तासाभराच्या अंतरावर त्यांनी भर समुद्रात प्रवाळांची (समुद्रतळाशी वसाहती करून राहणाऱ्या इवल्या जीवांची) रोपवाटिका उभारली होती. पाणी फार तापलं की प्रवाळ पांढरे पडतात, मरतात. म्हणून खोलातलं गार पाणी वर आणणारा पंप तिथे रात्रंदिवस चालायचा. आज सकाळी तो बंद पडला होता. त्यात ओहोटी लागलेली. तासाभरात निघालं नाही, तर होडी खाडीच्या तोंडाशी वाळूत रुतणार होती आणि सहा वर्षांची मेहनत पाण्यात जाणार होती.

“बॅटरी तपासू या,” आबा म्हणाले.

शाल्मलीने मीटरकडे हात नेला. तीन वर्षं या होडीवर मीटर तीच धरत आली होती.

“आज निहारला बघू दे,” आबा म्हणाले.

निहार तिचा चुलत भाऊ. तो चंद्रावरच्या वसाहतीत जन्मला होता आणि आठ दिवसांपूर्वी पहिल्यांदाच पृथ्वीवर आला होता. इथल्या वजनाची सवय नसल्यामुळे त्याच्या पायांना आधारपट्ट्या बांधल्या होत्या. आठ दिवस घरात एकच चाललं होतं. निहारला खुर्ची द्या, निहारला सोलकढी आवडली का, निहारने किती पटकन ओळखलं बघा! शाल्मलीला त्याचा हेवा वाटत होता, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं.

निहारने मीटरच्या दोन तारा बॅटरीच्या दोन टोकांना लावल्या. “बारा पूर्णांक सहा व्होल्ट,” तो म्हणाला. (व्होल्ट म्हणजे वीज पुढे ढकलणाऱ्या जोराचं माप.) “बॅटरी उत्तम आहे. म्हणजे स्टार्टर बिघडलाय.” स्टार्टर म्हणजे मोठ्या इंजिनाला पहिली गिरकी देणारी छोटी मोटर.

“शाब्बास रे!” म्हणत आबांनी खात्रीसाठी पुन्हा किल्ली फिरवली. गर्र… गर्र…

त्याच वेळी शाल्मलीचा हात इंजिनाच्या बगलेला टेकला. बॅटरीकडून येणारी जाड काळी वायर तिथे बोल्टने आवळलेली होती. तिला चटका बसला. तिने वाकून पाहिलं. बोल्टभोवती हिरवट-पांढरा खार जमला होता. सुरूही न झालेल्या इंजिनाचा एवढाच ठिपका गरम कसा? गडबड इथेच होती.

तिने तोंड उघडलं, आणि मिटलं. चुकू दे त्याला. कळू दे सगळ्यांना, चंद्रावरच्या पोरांना सगळंच येत नाही ते!

आबांनी बंदरावर फोन लावला. नवा स्टार्टर दुपारपर्यंत मिळणार होता. निहार जुना स्टार्टर खोलायला पाना शोधू लागला. एवढ्यात रोपवाटिकेतल्या तापमापकाकडून आबांच्या फोनवर आकडा आला, पाणी एकतीस अंश. थोड्या वेळाने साडेएकतीस. आबा फळीवर बसले. त्यांनी चष्मा काढला आणि नुसताच हातात धरून ठेवला.

“प्रवाळांची पहिली रांग गेली असेल,” ते हळूच म्हणाले.

शाल्मलीला राहवेना. “आबा, स्टार्टर नाही. ही वायर तापतेय. मला मघाशीच कळलं होतं.”

“मग बोलली का नाहीस गो?”

“निहार चुकावा म्हणून.”

निहारचे कान लाल झाले.

“ते नंतर,” आबा उठत म्हणाले. “निहार, मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला लाव, दुसरी इंजिनाच्या धातूला. शाल्मली, किल्ली फिरव.”

गर्र… गर्र…

“तीन व्होल्ट!” निहार ओरडला. “पण इथे जवळजवळ शून्य यायला हवं!”

“मघाशी तू मोजलंस, तेव्हा वीज वाहत होती का?”

“नाही…”

“तिथेच फसलो आपण, मीसुद्धा. ओढ्यावरचा साकव मोडून एका माणसापुरताच उरलाय समज. कोणी जात-येत नसताना अडचण कळेल का?”

“नाही,” शाल्मली म्हणाली. “जत्रेची गर्दी आली की कळेल. सगळे तिथेच तुंबतील.”

“स्टार्टरला विजेची जत्राच लागते, शंभरच्या वर अँपिअर. (अँपिअर म्हणजे किती वीज वाहते याचं माप.) खारामुळे सांध्यातली वाट अरुंद झाली. या अडवणुकीला रोध म्हणतात. तिथून रेटून जाताना तीन व्होल्ट खर्ची पडले आणि त्यांची उष्णता झाली.”

“म्हणून चटका!”

“आणि स्टार्टरला जोर कमी पडला, म्हणून तो रेंगाळला.”

निहारने त्या हिरव्या भुकटीला बोट लावलं. “धातूवर हे येतं कुठून?”

“खाऱ्या हवेने,” शाल्मली म्हणाली. “तांबं खाल्लं तिने.”

“आमच्याकडे बाहेर हवाच नाही. मला हे कधीच ओळखता आलं नसतं.” त्याने हे इतक्या सरळपणे कबूल केलं, की शाल्मलीला मघाच्या चटक्यापेक्षा जास्त लागलं.

तिने आधी बॅटरीची वायर सोडवली, मग बोल्ट काढला. काचपेपरने दोघांनी घासघास घासून धातू चकचकीत केला, बोल्ट घट्ट आवळला, वरून ग्रीस लावलं आणि बॅटरी पुन्हा जोडली. शाल्मलीने किल्ली फिरवली. निहार मीटर वाचत होता. “एक दशांश!” पण पुढचं कोणाला ऐकूच आलं नाही. इंजिन धडधडू लागलं होतं.

खाडीच्या तोंडाशी होडीचा तळ वाळूला खरवडला, पण ती निघाली. पंपात जाळ्याचा तुकडा अडकला होता. तो कापून काढताच गार पाणी उसळलं. प्रवाळांच्या दोन रांगा पांढऱ्या पडल्या होत्या. बाकीच्या शाबूत होत्या.

“पांढरे पडले म्हणजे मेले असं नाही,” आबा म्हणाले. “पाणी गार राहिलं तर काही पुन्हा रंग धरतील.”

परतताना शाल्मली निहारजवळ गेली. “चुकलं माझं.”

“मी तर आठ दिवस तुझा हेवा करतोय,” निहार म्हणाला. “तू फळीवरून पळतेस ना, तेव्हा मी मुद्दाम दुसरीकडे बघतो.”

शाल्मलीने त्याच्या पायांच्या आधारपट्ट्यांकडे पाहिलं. मग तिने विचारलं, “तुमच्याकडे खार नाही, तर सांधे बिघडतात कशाने?”

“धुळीने. काचेसारखी टोकदार असते. विजेने भारलेली असते आणि सगळीकडे चिकटते.”

“मग ती काढता कशी?”

“ते अजून कोणालाच नीट जमलेलं नाही.”

शाल्मली त्याच्या शेजारी बसली. “सांग,” ती म्हणाली, “अगदी पहिल्यापासून सांग.”