कुणाचं खापर

धाकटीने बुटांचा खोका टेबलावर ठेवला आणि डाव्या हाताने झाकण काढलं. आत निळ्या झिलईच्या खापऱ्या होत्या.

"हे माझं वाडगं," ती म्हणाली. "परवा आमची तुकडी जपानला निघते. तिथल्या ज्या गुरूंकडे शिकायला जायचंय, त्यांनी फोटो पाहून हेच पसंत केलं होतं. वाडगंच नाही, तर मी कुठल्या तोंडाने जाऊ? सर म्हणतात, आता ताईला पाठवावं लागेल."

ती बोलत होती वहिनींशी. खासगी तपासाची ही कचेरी वहिनी आणि त्यांचे दीर अशी दोघांची. पाटीवर भाऊजींचं नाव वर होतं, तरी येणाऱ्याला दारातच कळायचं की बोलायचं कुणाशी. भाऊजींच्या ते अंगवळणी पडलंय, असं सगळे समजत. तसं काही झालेलं नव्हतं.

मुलीची हकिगत सरळ होती. ती आणि तिची सख्खी ताई एकाच कलाशाळेत कुंभारकाम शिकत. मुळात निवड ताईचीच झाली होती. मग ताई जिन्यावरून पडली, उजवं मनगट मोडलं आणि जागा धाकटीकडे आली. तेव्हापासून दोघींत कामापुरतंच बोलणं. आता ताईचं प्लास्टर निघायला आलं होतं, ती पडण्याआधीच तिचं वाडगं तयार झालेलं होतं, आणि आज सकाळी धाकटीचं वाडगं मांडणीखाली फुटलेलं सापडलं. काल सगळ्यात शेवटी बाहेर पडली होती ताईच.

"सगळे तिच्याच डोक्यावर खापर फोडतायत," धाकटी म्हणाली. "तिने केलं असेल तर मला कळू दे. नसेल तर सगळ्यांना कळू दे."

वहिनींनी बुडाची खापरी उचलली. आतून बोटांचा वळ मध्यापासून काठाकडे गोल गोल गेला होता. त्यावरून त्यांनी तर्जनी फिरवली आणि खापरी भाऊजींना दिली. भाऊजींनी ती उलटीसुलटी केली. त्यांच्या लेखी खापरी ती खापरी.

कलाशाळेत पहिला भेटला तो उंट, वर्गातला सगळ्यात लांबलचक मुलगा. तोही जपानला निघाला होता. आपण धाकटीवर जळतो हे त्याने न विचारताच सांगून टाकलं. तिचं चाक म्हणे उलटं फिरतं, डावखुरी ना! जपानात चाकं तशीच फिरवतात, म्हणून तिचं वाडगं त्यांना आपलंसं वाटलं असेल. आम्ही उजव्या हाताच्यांनी काय घोडं मारलंय? वहिनींनी त्याचं वाडगं मागून घेतलं, आतून बोट फिरवलं आणि विचारलं, "हे भाजलं कुणी?"

भट्टीला सर कुणाला हात लावू देत नाहीत, उंट म्हणाला. कच्चं भांडं त्यांच्या हातात द्यायचं, भाजून आलं की घ्यायचं. किल्ली कायम त्यांच्या खिशात.

ताई खिडकीशी बसली होती, हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. आपण फोडलं नाही, एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "पण फुटलं म्हणून कळलं तेव्हा बरं वाटलं मला. हे तिला सांगू नका."

ताईनेच फोडलं, असा भाऊजींनी मनोमन निकाल देऊन टाकला.

सर आपल्या खोलीत होते. त्यांनी दोघांना खुर्च्या दिल्या, ताईबद्दल हळहळ व्यक्त केली. फळीवर प्लॅस्टिकखाली तीन भांडी झाकलेली होती. ही कच्ची आहेत, सरांनी सांगितलं, माती वाळू नये म्हणून गुंडाळून ठेवावी लागतात. दोन प्लॅस्टिकांना आतून दव धरलं होतं; तिसरं कोरडं ठणठणीत होतं. भाऊजींनी ते पाहिलं आणि सोडून दिलं.

"तुम्हीही निघालात का जपानला?" वहिनींनी विचारलं.

"मला कोण बोलावतंय?" सर हसले. "मी दरवर्षी टाटा करतो."

संध्याकाळी वहिनींनी चौघांना सरांच्या खोलीत गोळा केलं आणि बुडाची खापरी धाकटीच्या हातात ठेवली. "डोळे मीट. चाकावर फिरवतेस तसं बोट फिरव."

धाकटीने बोट टेकवलं आणि तिच्या कपाळावर आठी पडली. "हे... हे उलटं जातंय."

"उलटं नाही, सरळ जातंय. उंटाच्या वाडग्यात जातं तसं. ही उजव्या हाताच्या माणसाची करणी आहे. तुझं वाडगं फुटलेलंच नाही. फुटली ती त्याची नक्कल."

"वाडगं नुसतं नाहीसं झालं असतं, तर शाळा पालथी घातली असती," वहिनी सांगत गेल्या. "फुटलेलं कोण शोधणार? नक्कल घडवायला दोन धड हात लागतात. ताई वाडगं फोडू शकली असती, घडवू नसती शकली. उंटाला घडवता आलं असतं, पण भाजणार कुठे? भट्टीची किल्ली एकाच खिशात आहे. आणि सर, माती ओली असली की प्लॅस्टिकला आतून दव धरतं. त्या तिसऱ्याखाली ओलं काहीच नाही."

सरांनी नाकारलं नाही. ते उठले आणि कोरडं प्लॅस्टिक त्यांनी स्वतःच ओढलं. खालचं निळं वाडगं पाहून धाकटीने तोंडावर हात दाबला.

"त्या गुरूंना मी वर्षानुवर्षं फोटो पाठवतोय," सर म्हणाले. "एका ओळीचं उत्तर नाही. हिचं पहिल्या फटक्यात... हेच फोडायला घेतलं होतं. हातात धरलं आणि फोडवेना. असं माझ्या हातून एकदाही झालं नाही."

उंट नजर चुकवून जमिनीकडे पाहत राहिला. भाऊजींना त्या माणसाचा राग यायला हवा होता. पण त्यांना आठवलं ते पाटीवरचं आपलं नाव.

सर मुख्याध्यापकांकडे गेले, वहिनी सोबत होत्या. बहिणी मागे राहिल्या. ताई म्हणाली, "फुटलं कळल्यावर बरं वाटलं होतं मला. तुझ्याशी खोटं नाही बोलवत."

धाकटीने वाडगं पोटाशी धरलं होतं. "तू जिन्यावरून पडलीस ना," ती म्हणाली, "दवाखान्यात मी तुझ्यासाठी रडत होते आणि आतल्या आत परदेशी जायची बॅग भरत होते."

ताईने धड हात पुढे केला. "दे इकडे. नीट गुंडाळून देते. तुला कधी धड बांधता आलंय काही?"